करीमचाचांची नाडी

“पल्स रेग्युलर आहे, सर.”

रेणुका हे अगदी ठामपणे म्हणाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला.

“डॉक्टर, पुन्हा एकदा बघता का?”

“सर, चाचा आमच्याच वॉर्डचे पेशंट आहेत. मीच बघते त्यांना.”

अगं, बघ ना बाई! मी मनातल्या मनात ओरडलो. तोंड उघडायची सोय नव्हती. एरवी मी तिचा गाइड, पण त्या खोलीत मीही परीक्षकच होतो.

एमडी मेडिसिनची प्रॅक्टिकल म्हणजे काय, ते सांगतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षं वॉर्डात राबल्यावर विद्यार्थ्याच्या पुढ्यात एक खराखुरा पेशंट देतात. ही लाँग केस. ठरलेल्या वेळात पेशंटशी बोलायचं, त्याला नखशिखांत तपासायचं आणि परीक्षकांसमोर मांडायचं. इथे गडबडलात की लेखी पेपर कितीही चांगले गेलेले असोत, नापास.

हे पेशंट आम्हीच बोलावतो. गेवराईला फळांचा गाडा लावणारे करीमचाचा आमचे ठरलेले. त्यांच्या हृदयातली एक झडप अरुंद झालेली, मायट्रल स्टेनोसिस. चाचांना या कामाचा भारी अभिमान. “माझी छाती ऐकून लई डॉक्टर पास झालेत,” असं गिऱ्हाइकालाही सांगायचे. त्यात रेणुका धारूरची. “तुमच्या डोंगरातल्या सीताफळांवर माझं घर चालतंय, बेटा,” म्हणायचे.

त्या सकाळी केस ठरवताना मी चाचांची नाडी धरली, तर ठोके वेडेवाकडे. ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. आत रक्ताची गुठळी होऊन लकवा मारू शकतो. हे नवीनच होतं. चाचा तसे ठीक होते, म्हणून परीक्षा आटोपली की लगेच ॲडमिट करायचं ठरलं. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि चाचा रेणुकाच्या वाट्याला आले. मला आनंदच झाला! म्हटलं, ही पोरगी नाडी चुकणं शक्य नाही.

आणि आता हे.

परीक्षक तिला चाचांच्या खाटेपाशी घेऊन गेले. तिने मनगट धरलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

मार्कांच्या वेळी बाहेरचे सर मला म्हणाले, “मुलगी हुशार आहे. पण न बघता सांगितलं. तुम्हीच सांगा, पास कसं करायचं?”

त्यांचं बरोबर होतं. मी सही केली. आजही करेन. पण हात जड झाला नाही, असं खोटं कशाला बोलू?

नंतर रेणुका माझ्या केबिनमध्ये येऊन रडली. “सर, मी नाडी धरलीच नाही. चाचा म्हणाले, सगळं पहिल्यासारखंच आहे. मग सगळा वेळ मी झडपेचा आवाज ऐकण्यातच घालवला.”

चाचांना वॉर्डात गाठलं. ते म्हणाले, “दम लागत हुता, साहेब. धडधडत बी हुतं. पन सांगितलं आसतं तर तुमी मला घरी धाडलं आसतं. पोरीला दुसरा कोनतरी नवखा पेशंट भेटला आसता. म्हनून गप बसलो मी!”

आमची रेणुका हृदयरोगतज्ज्ञ होणार होती. त्यासाठी एमडी पास होऊन पुढची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. एमडी ती पुढच्या खेपेला सहज पास झाली, पण तोवर त्या वर्षीची प्रवेशपरीक्षा होऊन गेली होती. मग नोकरी, लग्न, लेकरू. पुढचं राहिलं ते राहिलंच. फार वाईट वाटतं. तिच्यासारखा कान असलेली विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही.

चाचांना त्याच दिवशी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. लकवा टळला. पण ते परीक्षेला पुन्हा आले नाहीत. मी निरोप धाडला, तर म्हणाले, “न्हाई साहेब. आता माज्यावर कुनाची परीक्षा नको.”

नवख्या पेशंटची नाडी सगळेच धरतात. ओळखीच्याची आधी धरा, हे मी आता प्रत्येक बॅचला ओरडून सांगतो.

रेणुका गेवराईवरून जाताना अजून गाड्यापाशी थांबते. सीताफळं निवडण्याआधी चाचा हात पुढे करतात. म्हणतात, “बग बेटा. आता मी काईच सांगत न्हाई.”