काकांचा आवाज चीनला गेला

वैशाखरे ते मुरबाड जीप चालवणारे आमचे काका चढावर गाडीशीच बोलतात, "चल गो बाय, दमलीस काय?" माझ्या पहिल्या सिनेमात त्यांनी ड्रायव्हरचंच काम केलं. सिनेमा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात निवडला गेला, तेव्हा मी त्यांना सोबत नेलं. तिथं एक चिनी वितरक बाई तो चीनमध्ये लावायला तयार झाल्या. फक्त आवाज चिनी भाषेत डब करायचे होते. मी घाईनं मान डोलावली. काका दुभाष्याला म्हणाले, "नाय. तोंड माजं आन बोलनार दुसरा? खाली त्यांच्या भाषेत लिवा."

माझा जीव टांगणीला लागला. बाई मात्र खळखळून हसल्या आणि कबूल झाल्या.

परवा तिकडच्या थिएटरातला व्हिडिओ आला. काकांच्या बोलण्यावर प्रेक्षक हसत होते. काका तो तीनदा बघून म्हणाले, "समजतंय की रे त्यांना!"