‘पोरगी ऐकत नाई’

मोठे गुरुजी गेल्याची बातमी मला पोस्टकार्डानं कळली. कार्डावर दोनच ओळी होत्या : ‘मोठे गुरुजी सोमवार सकाळ गेले. तुम्ही घर या.’ ना सोमवारी, ना घरी. प्रत्यय एकही नाही. खाली सही नव्हती आणि तिची गरजही नव्हती. अशी मराठी लिहिणारी माझ्या ओळखीत एकच बाई आहे, कोसमटोल्याची गंगू. तिनं जन्मात मराठीचा एक शब्द कानानं ऐकलेला नाही, तेव्हा प्रत्यय तिला कोण आणून देणार? उभा जन्म मास्तरकीत घालवलेला माणूस मी. कार्ड वाचून आधी हात तांबड्या पेन्सिलीकडे गेला आणि मग डोळ्यांत पाणी आलं. क्रम उलटा असायला हवा होता, पण झालं ते असं झालं.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. मोठ्या गुरुजींवर कुणी काही लिहिल्याचं पाहण्यात नाही, आणि लिहायचं तरी काय? त्यांना पदक मिळालं नाही, त्यांची मिरवणूक निघाली नाही. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या पुढं जंगलात दडलेल्या या कोसमटोल्यात, दोन खोल्यांची कौलारू शाळा त्यांनी चालवली, एवढंच. मी तिथं गेलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन सातआठ वर्षं झाली होती आणि मला मिसरूड फुटून तेवढीही झाली नसतील. शाळेत मास्तर दोनच. ते हेडमास्तर म्हणून ‘मोठे गुरुजी’ आणि मी ‘लहान गुरुजी’. तिसरी-चौथी त्यांच्याकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. ते त्याच मुलखातले, बोलणं अस्सल झाडीपट्टीचं, अंगात घाई नावाला नाही. मी नागपूरचा आणि नाकावर राग. सकाळी प्रार्थनेच्या आधी एकदा तरी ओरडलो नाही, तर मुलांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

माझ्या दुसऱ्या वर्षी सीताबाई नावाची ढिवरीण आपल्या पोरीला घेऊन शाळेत आली. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती होती, तिथली. मासोळीची टोपली बाहेर ठेवून ती दारातच उभी राहिली. पोरगी सातेक वर्षांची, डोळे टपोरे, माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. सीताबाई म्हणाली, “पोरगी ऐकत नाई गुरुजी. जरा पाहून घ्याल.”

मी म्हणालो, “बघतोच मी.”

आणि बघितलं! वर्षभर बघितलं. तीच ही गंगू. मी ‘बस’ म्हटलं की ही उभी. ‘पाटी काढ’ म्हटलं की माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. मी फळ्याकडे वळून अक्षरं सांगायचो आणि मागं वळून पाहावं तर हिची पाटी कोरी. छडी उचलली की मात्र न सांगता हात पुढं करायची. मला वाटे, काय निगरगट्ट कार्टं आहे! आईनंच सांगून ठेवलंय ऐकत नाही म्हणून, मग आपण कशाला दयामाया दाखवायची? हजेरीचं तर विचारूच नका. जो ‘हजर’ म्हणणार नाही तो गैरहजर, असा माझा कायदा होता. गंगारामपासून गणपतपर्यंत सगळे ‘हजर’ म्हणून ओरडायचे. गंगू समोर पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि मी तिच्या नावापुढं गैरहजर मांडायचो. एक दिवस नव्हे, महिनेच्या महिने. तिला अद्दल घडावी म्हणून.

वर्षाअखेर तपासणीचे साहेब येणार म्हणून पत्र आलं. जी मुलं बरेच दिवस गैरहजर असतील त्यांची नावं कापून ठेवा, असं त्यात बजावलेलं होतं. मी यादी करून मोठ्या गुरुजींपुढं ठेवली. यादीत एकच नाव होतं. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. मोठे गुरुजी म्हणाले, “घरी इचारल्याशिवाय पोराचं नाव कापू नये,” आणि टोपी घालून तलावाकडे चालू लागले. तासाभरानं आले. बसले. पाणी प्याले.

“लहान गुरुजी, ते पोरगी शिळा भात खाऊन रोज शाळेत जाते म्हणते तिची माय.”

“येते की. पण हजर म्हणत नाही.”

त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. रागावले नाहीत... रागावले असते तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाले, “कशी म्हणन? तिले ऐकूच येत नाई. जन्माचीच भैरी आहे ते. मी सीताबाईले म्हटलो, मंग आमाले सांगतलं काऊन नाई? तं म्हणते, सांगतलं ना गुरुजी, पयल्याच दिशी. पोरगी ऐकत नाई म्हणून.”

आपल्या भाषेत न ऐकणं दोन प्रकारचं असतं. एकाला कान नसतात, दुसऱ्याला वळण नसतं. सीताबाईनं पहिलं सांगितलं, मी दुसरं ऐकलं. ‘पाहून घ्या’ म्हणजे सांभाळून घ्या असं ती म्हणत होती. मला वाटलं, ती मला पोरीला सरळ करायला सांगते आहे. खरं तर त्या दारात बहिरा मीच होतो. तिला पुढचं साधं विचारलं नाही, की बाई, ऐकत नाही म्हणजे काय करते?

मोठे गुरुजी एवढंच म्हणाले, “सांजच्या पहारी जाऊन या तिच्या घरी. चुकलं म्हणा. लेकरू आहे, पण तिलेई सांगा.” मी ‘जातो’ म्हणालो. गेलो नाही. मास्तरकीचा ताठा होता, जातीचाही होता, खोटं कशाला बोलू? ढिवराच्या दारात उभं राहून माफी मागायची, या विचारानंच कानशिलं तापायची. आज जातो, उद्या जातो करत दिवस गेले. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही, तेव्हा विसरले असतील असं मी धरून चाललो.

ते काही विसरले नव्हते. एक दिवस मला ते तलावावर घेऊन गेले. ढिवर जाळं ओढत होते आणि कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. बोटं वर, तळवा खाली, मनगट फिरवलं, एवढ्यावर सगळं काम चाललं होतं. गंगू पाळीवर उभी राहून हातांनी सांगत होती आणि चार बाप्ये तिचं ऐकत होते. तिचा बाप वर आला, पाणी निथळत म्हणाला, “इथी बोलाचं नसते गुरुजी. मासोळी पळते. तलावात सारेच मुके.” वर्गात जी मला ठोंब वाटत होती, ती इथं चौघांची मुकादम होती.

पालकांना शाळेत बोलावलं की ते हात जोडून ‘सारं बराबर आहे गुरुजी’ म्हणत आणि निघून जात. म्हणून मोठ्या गुरुजींनी आपली बैठक तलावावर नेली. मासोळीचे वाटे पडायच्या वेळी ते पाळीवर जायचे आणि चक्क खाली मातीत बसायचे. प्रश्न एकच असायचा, “शाळेचं का चुकून राह्यलं?” विचारलं की गप्प बसायचे. समोरचा अवघडून जाई, पण हे काही मदतीला धावत नसत. पहिले दोन आठवडे कुणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सीताबाईच बोलली. “लहान गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलते. मंग पोरीले कसं समजन? तोंड दिसलं तं तिले अर्धं समजते.” मग धीर आला. एक आजोबा म्हणाले, आमचा नातू मंद नाही, पण त्याला एका वेळी एकच काम सांगा, दोन सांगितली की दोन्ही विसरतो. एक विधवा म्हणाली, माझ्या पोराला लांबचं दिसत नाही, त्याला मागं काऊन बसवता?

मोठे गुरुजी परत येऊन एकेक गोष्ट बदलत गेले. नातवाला एकच काम सांगायचं. विधवेचा मुलगा पुढं आला. गंगूला ते रोज शाळा सुटल्यावर वस्तू समोर ठेवून तिचं नाव पाटीवर लिहायला शिकवू लागले. हजेरी तोंडानं घ्यायची नाही, नाव फळ्यावर दाखवायचं आणि मुलानं हात वर करायचा. माझ्या वर्गातला आरडाओरडा एका दिवसात बंद पडला. मला तो माझा अपमान वाटला. चारदा तरी भांडलो. “मास्तरानं कसं शिकवायचं हे आता ढिवरिणी ठरवणार काय?” म्हणालो. ते म्हणाले, “पोर कोणाचं आहे?”

साहेब आले ते तीन महिन्यांनी. हजेरीपट उघडला आणि गंगूच्या नावावर बोट ठेवलं. एवढी गैरहजेरी, हे नाव अजून कसं? मी भिंतीला टेकून उभा होतो. मोठे गुरुजी म्हणाले, “नोंद खोटी आहे साहेब. पोर खरं आहे. चूक आमची.” आमची म्हणाले, यांची नाही. साहेबांना हे पटलं नाही. मुकी-बहिरी पोर शाळेत ठेवून उपयोग काय, नाव कापा, असं ते म्हणाले. तेव्हा मोठ्या गुरुजींनी टोपली घेऊन दाराशी उभ्या सीताबाईला आत बोलावलं. सीताबाईनं दुरूनच हात हलवले. गंगूनं पाटी घेतली आणि लिहिलं, ‘मासोळी सात. मोठी एक.’ साहेबांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि स्वतः मोजली. सातच होत्या.

ते जरा नरमले. सीताबाईला म्हणाले, “मग आता शाळेत सगळं ठीक आहे ना, बाई?” मला वाटलं, आता ही हात जोडणार. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “कुठी ठीक, साहेब? लहान गुरुजी अजूनई कधीकधी पाठ करूनच बोलते.”

साहेब मोठ्यानं हसले. नाव राहिलं.

गंगू चौथी झाली. पुढं तिच्यासाठी मोठ्या गुरुजींनी जागोजागी पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. तिचं शिक्षण तिथंच थांबलं. माझी बदली झाली. मी इतर शाळांत तोंड वर्गाकडे ठेवून शिकवलं, हे मात्र खरं. तेवढं वळण मला कोसमटोल्यानं लावलं.

कार्ड मिळाल्यावर मी गेलो. मोठ्या गुरुजींच्या घरापुढची छपरी, म्हणजे ओसरी, तशीच होती. भिंतीला लागून एक लांब बाक होतं, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेलं. पेन्शनीत निघाल्यावरही आयाबाया पोरांना घेऊन तिथं येत आणि ते पोथी ऐकावी तसं त्यांचं ऐकत बसत, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्या बाकावर गंगू माझ्याशेजारी बसली. केस पांढरे व्हायला लागलेले, डोळे तेच. मोठे गुरुजी नव्हते, तेव्हा मला कुणाचा आडोसा राहिला नव्हता. जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर लिहिलं, ‘मी तुला मारत होतो. माझं चुकलं. माफ कर.’

तिनं वाचलं. नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल घेऊन लिहिलं, ‘माफी तेव्हा झाली. मोठे गुरुजी घर आले, हात जोडले. बोलले, लहान गुरुजी पाठवले. मी रडली. आई रडली. आता परत कशाला?’

इतकी वर्षं ती मला माफी मागितलेला माणूस समजत होती. मी मान हलवली. हो म्हणालो. त्या बाकावर बसून खरं सांगण्याचा धीर झाला नाही मला... पन्नाशी उलटलेल्या बाईसमोर पुन्हा तोच भेकड लहान गुरुजी.

वर्तमानपत्राची ही पुरवणी गंगूच्या घरी येते आणि ती अक्षर न अक्षर वाचते. म्हणून शेवटचं तिच्यासाठी लिहितो. गंगू, मी त्यांना पाठवलं नव्हतं. ते आपल्या मनानं आले होते. मी आज येतो आहे.