कवळीवाले मामा आणि पान सहा

माझे मामा चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवताहेत आणि तेवढीच वर्षं मामींचं डोकं खाताहेत. समोर काचेच्या दाराचा दातांचा दवाखाना उघडला आणि मामा दुकानात माशा मारत बसले. शेवटी एक जाहिरात द्यायची ठरली. ती फुकट गेली तर दुकानाला कुलूप आणि मामा दिवसभर घरी. या विचाराने खरं तर मामींचंच धाबं दणाणलं होतं.

पण जाहिरात द्यायची कुठे? ‘लोक पेपरात आधी काय वाचतात ते शोधू,’ मामा म्हणाले. मी त्यांची भाची, म्हणजे फुकटात राबणारी. वही घेऊन बागेतल्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांकडे गेले. सगळ्यांनी अग्रलेख सांगितला. एकाने तर परराष्ट्र धोरण. मामांनी वही मिटली. ‘थापा आहेत सगळ्या. तोंड मोकळं असलं की माणूस थापाच मारतो.’

मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. दुरुस्तीला आलेल्या जुन्या गिऱ्हाइकाच्या तोंडात मापाचा लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत पुढ्यात पेपर धरायचा आणि म्हणायचं, ‘आधी काय वाचता त्यावर बोट ठेवा.’ बोलायची सोय नाही, अक्कल पाजळायची तर मुळीच नाही. पंधरवड्यात अकरा बोटं पडली. दोन टीव्हीच्या कार्यक्रमांवर, नऊ पान सहावर. पान सहा म्हणजे निधनवार्ता. कोण गेलं आणि आपण अजून आहोत, एवढीच बातमी त्यांना रोज हवी होती.

जाहिरात पान सहावर गेली, मधोमध, मामांच्या फोटोसकट. मी म्हटलं होतं, फोटो नको. ‘चेहरा बघून विश्वास बसतो,’ म्हणाले. फोटोखाली ‘चाळीस वर्षांची अखंड सेवा’ हेही त्यांचंच.

सकाळी नऊला दुकानासमोर पडलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. बारीक मजकूर कुणीही वाचला नव्हता. मामी दारात उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, ‘आत आहेत. बरे आहेत.’ मामा आधी भडकले. मग त्यांचा शाळेपासूनचा मित्र आला. हा सहा महिन्यांपूर्वी गुपचूप समोरच्या दवाखान्यात जाऊन आलेला. मामांना जिवंत बघून त्याने भोकाडच पसरलं, आणि वरची नवी कवळी सुटून खालच्या ओठावर आली.

मामांचेही डोळे भरले. पण हात आधीच लगद्याच्या भांड्याकडे गेला होता.

‘रड,’ ते म्हणाले, ‘फक्त तोंड मिटू नकोस.’