दुधाला लागलेला वास

दोन हजार दोन सालचा चैत्र. उजाडतानाच वारा पडलेला. तुडीलच्या वरच्या वाडीत आवडी झऱ्याच्या डबक्यातलं पाणी करवंटीनं हंड्यात भरत होती. आधी शेळ्या पिणार, मग माणसं; पाणी नाय तर दूध कुठलं, असं तिचं म्हणणं.

पण वाडीतल्या पोरांच्या हाती खाली धाडलेलं दूध दोन दिवस माघारी येत होतं. खाली गावातल्या शरिफाचाचीच्या नातवाला गाईचं पचत नव्हतं. तो आवडीच्या ढवळी शेळीच्या दुधावर वाढत होता. आता तोंडच लावीना. मुंबईला गेलेल्या चांगूनं, तिच्या नवऱ्यानं, शिमग्याला बजावलं होतं, "रतीब हाय तवर ऱ्हा. तुटला की शेळ्या विकायच्या नि खोलीवर यायचं."

आवडीनं किटली राखेनं घासली, शेळ्यांचा पाला बदलला, मीठमिरच्या ओवाळल्या. आज ती स्वतःच दूध घेऊन उतरली.

चाचीनं झाकण उघडलंच नाही. आवडीच्या पदराशी नाक नेलं.

"गो आवडे, बोकड कुठं बांधतेस?"

"गोठ्यात. सदूचा आणलाय, कबरी शेळी फळवायला. एवढ्या उन्हात तिला डोंगरापल्याड कोण नेणार?"

"नि ढवळी?"

"तितंच."

"मग दुधाला काय अत्तराचा वास येल? माझी सासू दुभतीजवळ बोकडाची सावली पडू देत नव्हती. उद्याचा दिस बघते. नायतर माझा अझीम महाडातनं पावडरचा डबा आणील."

आवडी कुठं न टेकता चढण चढली. बोकड परत द्यावा, तर कबरी माजावर कधी येईल नेम नाही. ती गाभण नाही राहिली, तर ढवळी आटल्यावर पुढच्या साली काय? शेवटी तिनं बोकड ओढत वाडीच्या टोकाला, पांडूकाकाच्या फणसाखाली नेला.

"माझ्या दारात ह्यो पाव्हणा कशाला?" म्हातारा ओरडला.

"जावई समजा, काका."

"जावई पण अंघोळ करून येतो गो!"

तिनं बोकडाच्या टाळूवर चिंधी घासली, डब्यात घट्ट कोंबली. सकाळ-संध्याकाळ ती चिंधी कबरीला हुंगवायची, कबरी शेपूट हलवायला लागली की तिला फणसाखाली न्यायची, असं ठरवलं. मग तिनं गोठा धुतला, लुगडं बदललं, हात मातीनं चोळचोळून धुतले.

सांजेला ढवळीची धार काढली. किटलीत नाक घातलं. काही कळेना, आठ दिवस बोकडाच्या वासात राहून नाकच मेलेलं. ती पांडूकाकाकडे धावली.

"बघा वो, वास येतो काय?"

"मला तंबाकूशिवाय कसला वास येतो गो? ज्या पोरानं प्यायचंय त्यालाच इचार."

घरी येऊन किटलीवर ओलं फडकं टाकून आवडी उभी राहिली. पोर पितं की नाय ते सकाळी दूध खाली नेल्यावरच कळणार. परत बसली. परत उठली. गोठ्यात ढवळी पाण्याच्या रिकाम्या घमेल्यात तोंड आपटत होती. आवडीनं करवंटी हंड्यात टाकली नि झऱ्याची वाट धरली.