मोहाच्या झाडाखालचं पार्किंग

गेटवरचा माणूस चोर आहे, असं मी कधी तोंडानं म्हटलं नाही. वर्षभर मी स्वतःची हीच समजूत घालत आलो. म्हटलं नाही हे खरं आहे, पण जे केलं ते म्हणण्यापेक्षा हलकं नव्हतं. बोलायला गेलो की माझा आवाज बसतो, म्हणून लिहितो आहे.

देवरीच्या अलीकडे महामार्गाला लागून मोठी मोकळी जागा आहे. बोर्डावर ‘सुविधा केंद्र’ लिहिलंय, पण ड्रायव्हर लोक आणि आम्हीही पार्किंगच म्हणतो. रायपूरकडून लोखंड आणि सिमेंट घेऊन येणारे ट्रक, नागपूरकडून जाणारे कंटेनर आणि टँकर इथं थांबतात. झोपायला हॉल आहे, आंघोळीचे नळ आहेत, थंड पाण्याची मशीन आहे, कॅन्टीन आणि पंक्चरवाला आहे. पुढच्या बाजूला काँक्रीट आहे, मागं नुसता मुरूम. त्या मुरमात, मागच्या भिंतीजवळ, मोहाचं एक झाड उभं आहे. जागा बांधताना ते कुणी का तोडलं नाही, मला माहीत नाही. मी तिथला सुपरवायझर. घर गोंदियाला, राहणं तिथल्याच एका खोलीत.

गेटवर माझा साडभाऊ होता, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चिचगडकडचा, जंगलपट्टीतला. घरून फार आग्रह झाला म्हणून मीच त्याला चिकटवला, पण ठेकेदाराला नातं सांगितलं नाही. “ओळखीचा आहे, सरळ आहे,” एवढंच म्हणालो. नोकरीबरोबर त्याला गेटमागची खोली मिळाली होती. जूनमध्ये बायको आणि मुलीला तिथं आणायचं आणि मुलीला देवरीच्या शाळेत घालायचं, असं त्याचं ठरलं होतं. मुलगी हुशार. गावातल्या शाळेच्या पुढं तिला शिकवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. हे मला पूर्ण माहीत होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्याच्याबद्दलचा पहिला संशय बाथरूमवरून आला. बायकांच्या बाजूचं एक बाथरूम मी कुलपात ठेवत असे. नवी फरशी, चांगला नळ, आरसा. कुणी अधिकारी सहकुटुंब आले तर हाताशी असावं म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना उरलेले दोन संडास, त्यातला एक बहुतेक वेळा तुंबलेला. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची बस थांबली आणि मी जेवून येतो तर त्या बाथरूमसमोर रांग.

“चावी कुणी दिली?” मी साडभावाला विचारलं.

“तुमच्या टेबलावर व्हती ना भाऊ. बाया उभ्या व्हत्या. कायले बंद ठेवाचं?”

त्याच्या उत्तरात काही लपवाछपवी नव्हती. पण माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की हा माझ्या टेबलावरून चाव्या उचलतो. त्या दिवसापासून चावी माझ्या खिशात.

पुढं थंडी सरताना डिझेलच्या तक्रारी यायला लागल्या. ड्रायव्हर हॉलमध्ये झोपून उठायचा आणि टाकी हलकी झालेली असायची. एकदोघांनी शिव्या घातल्या, बाकीचे पुढच्या ढाब्यावर थांबायला लागले. ठेकेदाराचा फोन आला. तो गोंदियाचाच, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा.

“भाईसाहब, गाड्या अशाच कमी झाल्या ना, तर कोणीतरी घरी जाईल. तुम्ही, नाहीतर गेट. विचार करून ठेवा.”

मी फार विचार केला. म्हणजे पाळत ठेवायला लागलो. कॅन्टीनवाला कुणाशी हसतो, पंक्चरवाल्याकडे एवढे कॅन कशाला, टँकरचे क्लीनर मागच्या भिंतीकडे का जातात. सगळ्यांचंच वागणं वेगळं दिसायला लागलं. आणि मग नजर झाडावर गेली.

फाल्गुन लागला होता. ऊन तापायला लागल्यावर पार्किंगमध्ये सावलीसाठी भांडणं व्हायची, पण मोहाखालची जागा रिकामी. तिथं साडभाऊ दोन जुने ड्रम लावून ठेवायचा आणि वर दोरी ओढायचा. गाडी आली की हातानंच तिकडे जा म्हणायचा.

एका ड्रायव्हरनं पाणी भरता भरता मला विचारलं, “साब, उस पेड़ के नीचे किसका माल उतरता है?”

“किसी का नहीं.”

“तो छाया किसके लिए रखी है? अपने लिए तो नहीं रखी.” त्यानं डोळा मारला.

मी साडभावाला गाठलं. “तिथं गाडी का लावू देत नाहीस?”

“मोहफूल पडून राहिलं ना भाऊ.”

“मग?”

“मंग का? गाडीचं तेल पडते खाली.” आणि तो गेट उघडायला गेला, जणू मी दिवसा उजेडी सूर्य कुठं आहे असं विचारलं होतं.

मला वाटलं, हा उडवून लावतोय. मी झाडाखाली जाऊन पाहिलं. पाला कुठंच नव्हता, जमीन गोलाकार काळी पडलेली. आग. चार हातांवर डिझेलचे टँकर उभे असतात आणि हा आग पेटवतो. कशासाठी? त्याच्या खोलीमागं एक गाठोडं दिसलं, ओलसर, जुन्या लुगड्यात बांधलेलं. मी आजूबाजूला पाहून सोडलं. आत मोहफुलं होती, पिवळी, गरगरीत, त्या गोड उग्र वासाची.

मी बाजारात वाढलो. मोहफूल मी पाहिलं ते दुकानातल्या पोत्यात, आणि त्याचं पुढं काय होतं हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. फुलं, काळी जमीन, राखून ठेवलेली जागा. माझ्या डोक्यात हिशेब लगेच जुळला. हा हातभट्टीची गाळतो, ड्रायव्हरांना पाजतो, ते मेल्यासारखे झोपतात आणि डिझेल जातं. मी गाठोडं होतं तसं बांधून ठेवलं.

विचारायला हवं होतं. दहा पावलांवर तो उभा होता. पण विचारलं आणि खरं निघालं, तर आमचं नातं बाहेर येईल, आणि ठेकेदार म्हणेल, तुमचाच माणूस, तुमचंच संगनमत. गप्प राहणं मला सोयीचं होतं. हे त्या वेळी मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

ठेकेदार एका दुपारी आला. कॅन्टीनमध्ये खिडकीजवळ आम्ही दोघं बसलो. बाहेर गेटवर साडभाऊ डोक्याला दुपट्टा गुंडाळून उभा होता, आमच्याचकडे तोंड करून.

“तुम्हाला डाउट कोणावर आहे?”

“आपण कसं सांगणार,” मी म्हणालो. आणि गेटकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग मान खाली घालून चहाचा कप उचलला.

ठेकेदारानंही तिकडे पाहिलं. “गेट?”

मी चहा प्यायलो.

“समझ गया,” तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत साडभावानं अंथरूण बांधलं. माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. “भाऊ, तुमी सांगा ना त्यायले. मी काय केलं?”

“वरून आलंय,” मी म्हणालो. “माझ्या हातात नाही.”

त्यानं अंथरूण खांद्यावर घेतलं. मग चिचगडच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. चहा घे असंही मी म्हणालो नाही.

नव्या गेटवाल्यानं ड्रम हटवले. दुसऱ्याच दिवसापासून झाडाखाली ट्रक लागायला लागले. तीनचार दिवसांनी सकाळी दात घासत मागं गेलो तर सिमेंटच्या एका ट्रकखालून लुगड्याचा काठ बाहेर आलेला. जवळ गेलो. एक म्हातारी चाकांच्या मधे ओणवी होऊन फुलं वेचत होती. भिंतीला एक भगदाड आहे, तिथून आली असणार. मला पाहून ती टोपली घेऊन बाहेर सरकली, पण पळाली नाही.

“गेटवरचा बापू नाई दिसून राहिला?” तिनंच विचारलं.

“गेला तो.”

“काऊन? बिमार पडला का?”

मी म्हणालो, “तुम्ही इथं काय करता, आजी?”

“का करतो म्हंजे? झाड आमच्या घरचं व्हय. माह्या सासूच्या वक्तापासून. तुमचा रोड नव्हता तवा बी आमीच येचत होतो.” तिनं टोपलीतलं एक फूल काढून माझ्या नाकासमोर धरलं. त्याला ऑईलचा वास येत होता. “हे पाय. आता याले बैल बी तोंड नाई लावत. तो बापू पाला जाळून, जागा झाडून ठेवे. गाडी लावू नाई दे. टोपली भरली का लुगड्यात बांधून त्याच्या खोलीमागं ठेवो, सून दुपारी घेऊन जाये.”

माझ्या तोंडात पेस्टचा फेस तसाच होता. थुंकलो आणि विचारलं, “दारू गाळता का?”

ती हसली. “तुले पायजे का? येवढ्याशा फुलाची का दारू होते, बाबू. थोडं घरी खातो, बाकी दुकानात जाते.”

आमच्या पट्ट्यात जंगलालगत मोहाचं झाड सातबारावर नसलं तरी घराचं असतं, हे मला तेव्हा कळलं. गावात सगळ्यांना माहीत असतं कुठलं कुणाचं, आणि दुसरा कुणी त्याखालचं फूल उचलत नाही. खालचा पाला जाळतात तो फूल दिसावं म्हणून. साडभाऊ त्यातच वाढलेला. झाड म्हातारीचं आहे, ही त्याला सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. आणि मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलंही होतं. मी ऐकलं ते माझ्या बाजारातलं.

त्याच सकाळी ठेकेदाराला फोन करायला हवा होता. नाही केला. डिझेल तर तो गेल्यावरही जात राहिलं. कोण काढतं ते मला आजही माहीत नाही. ठेकेदारानं कॅमेरे लावले, गाड्या परत आल्या, विषय संपला. माझी नोकरी राहिली. जून आला आणि मुलगी गावातल्याच शाळेत राहिली.

हिवाळ्यात अर्जुनी मोरगावला सासरकडचं लग्न होतं. पंगतीत साडभाऊ वाढत होता. माझ्यापुढं आला, वाकला आणि म्हणाला, “साहेब, भात?” आधी कधी त्यानं मला साहेब म्हटलं नव्हतं, पार्किंगमध्येही नाही. शेजारी बायकोच्या मामांनी थट्टा केली, “साडभावाले साहेब म्हणते बा हा. कोणता सरकारी बंगला भेटला तुमाले?” सगळे हसले. मी भात घेतला. मेव्हणी, त्याची बायको, पूर्ण लग्नात माझ्याशी बोलली नाही. परतताना गाडीत बायकोनं विचारलं, “तुम्ही काही केलंय का?” मी नाही म्हणालो.

यंदा पुन्हा फाल्गुन लागला. सकाळी खोलीचं दार उघडलं की तो वास आत येतो. मीच ड्रम ओढत नेऊन झाडाखाली लावले. गेटवाला माझ्याकडे संशयानं पाहतो, काहीतरी भानगड असणार म्हणून. ते बरोबरच आहे. शेवटी ठेकेदाराला फोन केला आणि नात्यासकट सगळं सांगितलं. नोकरी जाईल या तयारीनं सांगितलं.

तो म्हणाला, “अब बता रहे हो? अरे, तेव्हाच बोलायचं ना. आता हा गेटवाला उन्हाळ्यानंतर जाणारच आहे. आणा तुमच्या माणसाला.” आणि दुसऱ्या फोनसाठी ठेवून दिला. इतकंच होतं ते.

रविवारी गोंदियाला न जाता मी चिचगडची बस धरली. साडभाऊ अंगणात मोहफूल वाळत घालत होता. मेव्हणी मला पाहून आत गेली. त्यानं खाट टाकली. मी बसलो आणि बोलायला लागलो, अडखळतच.

“त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं नव्हतं. मी फक्त पाहिलं...”

“हव,” तो म्हणाला. फुलं पसरणारा त्याचा हात थांबला नाही. “मले दिसलं. मी तुमच्याकडंच पाहून राहिलो होतो.”

त्यापुढं मी जे ठरवून नेलं होतं त्यातलं एक वाक्यही उरलं नाही. ठेकेदार परत घेतो म्हणाला, खोली मिळेल, पोरीला जूनमध्ये देवरीला घालता येईल, एवढं कसंबसं सांगितलं. आतून भांड्यांचा आवाज बंद झाला.

“झाडाखाली गाडी लावून राहिले का?” त्यानं विचारलं.

“नाही. मी ड्रम लावलेत.”

“तुमी?”

“मी.”

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. मी कॅन्टीनच्या खिडकीतून पाहिलं होतं तितकाच वेळ पाहिलं. “पाहून येईन एकदा,” म्हणाला.

काल सकाळी तो आला. माझ्याकडे न येता आधी मागं गेला. मी लांबून पाहत होतो. त्यानं ड्रम हलवून पाहिले, खाली बसून मूठभर मुरूम उचलला आणि नाकाला लावला. भिंतीच्या भगदाडापाशी जाऊन कुणाला तरी हाक मारली. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग माझ्यापाशी आला.

“म्हातारी म्हणते, चार दिवसांपासूनच लागून राहिले ड्रम.”

“हो.”

“अन् ते बाथरूम?”

मी खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि गेटकडे न जाता सरळ बायकांच्या बाजूला गेला. तिथं कुणी नाही ना, हे विचारून घेतलं. चावी कुलपाला लावली, फिरवली, कुलूप काढून पुन्हा लावून पाहिलं. नंतर दार सताड उघडं ठेवलं आणि कुलूप चावीसकट स्वतःच्या खिशात टाकलं.

“हीच चावी लागते,” म्हणाला. “जूनचं पोरीच्या मायले इचारून सांगतो.” आणि बस पकडायला महामार्ग ओलांडून गेला.