पामाच्या बुडाशी

सुनेच्या न्हाणीतून साबणाचा वास आला आन् दुष्काळातली ती सकाळ आठवली.

मी सहकारी साखर कारखान्यावर माळी होतो. आमच्या खोलीजवळ, गेटावर चेअरमनसाहेबांचा शोभेचा पाम होता. टँकरच्या पाण्याला हात लावायचा न्हाई, पण पाम वाळला तर नोकरी गेली, असा हुकूम. मी थेंबभर पाणी घातलं न्हाई, तरी पाम हिरवागार! मला बायकोचाच संशय आला. पाळत ठेवून तिला घमेल्यासकट धरलं.

"प्यायचं पाणी झाडाला घालतीस व्हय?"

"वास घेऊन बगा की."

वाकलो. बुडाशी साबणाचा वास. ती बाजेवर बसून अंघोळ करायची, खाली घमेलं ठेवायची. तेच पाणी पामाला.

"पटलं का, फौजदारसाहेब?" ती हसली.

'चुकलो' म्हणायला माझी जीभ वळली न्हाई. आता ती न्हाई. म्हणू कुणाला?