माझ्यासारखा दुसरा शोधताना

बालाघाट जिल्ह्यात माझ्यासारखा दुसरा माणूस नाही, हे आमच्या मामाजींनी दारोदार फिरून सिद्ध केलेलं आहे.

गावात मोबाइल नुकतेच आले होते तेव्हाची ही गोष्ट. (मी तोवर दोन हरवले होते.) माझी तिसरी नोकरी सुटली होती. बायको रागावणं सोडून गप्प बसायला लागली होती, आणि तिचं गप्प बसणं मला जास्त लागायचं. म्हणून मी नागपूरला डॉक्टरांकडे गेलो. लहानपणापासून मला वेंधळा, बावळट, अर्धवट अशी घरगुती नावं होती. डॉक्टरांनी नवं नाव दिलं, एडीएचडी. इंग्रजी नाव मिळालं की दुखण्यालाही जरा इज्जत येते. मग ते म्हणाले, "गोळीनं अर्धंच काम होईल. मोठ्या शहरांत अशा लोकांचे गट असतात. एकत्र बसतात, आपापलं सांगतात. तुमच्याकडे दोन-चार जण शोधा. एकटे राहू नका."

परत येताना बसमध्ये मला रडू आलं. जन्मभर मला कुणाला तरी एवढंच विचारायचं होतं, तुमचंही असंच होतं का हो?

आता असे लोक शोधायचे कुठे? आमच्या हिंदीभाषक जिल्ह्यातली मराठी घरं आतून-बाहेरून ओळखणारा माणूस आमच्याकडे एकच, मामाजी. ते सोयरिकी जुळवायचे. मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हंजे ज्याचं चित्त थाऱ्यावर नाई असा मानूस पायजे तुले?"

"हौ, मामाजी."

"अबे, असे तर ढीगभर हायेत. चाल, गाडी काढ."

सोयरीक जुळवणारा माणूस दारात दिसला की घरातले लोक काय दाखवतात आणि काय झाकतात, याचा मी आधी विचार करायला हवा होता. पण तेवढा आधी विचार करता आला असता, तर डॉक्टरांकडे कशाला गेलो असतो?

पहिलं घर भरवेलीला. तिथला मुलगा मोटरसायकल चालू ठेवून पायी घरी येतो अशी त्याची ख्याती. मामाजींना पाहताच बापाने आत आवाज दिला. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

"आमचा पोरगा एकदम शांत," बाप म्हणाला. "सांगतलेलं काम कधी विसरत नाई."

"काही हरवतं का कधी?" मी आशेने विचारलं.

"काहीच नाई हरवत."

मुलगा खाली पाहत राहिला. अंगणात त्याची मोटरसायकल चालूच होती. तिकडे कुणीही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी वैतागलो. "मामाजी, आपण लग्नासाठी आलो नाही, हे तुम्ही सांगत काहून नाही?"

"सांगतलं ना बे. पन सोयरिकीले गेलो तरी मी हरेक घरी असंच सांगतो. कोनी खरं मानत नाई, त्याले मी काय करू?"

रामपायलीला तर कहर झाला. तिथे लग्न झालेल्या मलाच पाहायला सुरुवात झाली. भाचा काय करतो, असं घरच्यांनी विचारलं आणि मामाजी सवयीने बोलून गेले, "लय हुशार हाये. जिथं बसला तिथं टिकला." आपलं दुखणं उघड सांगायला निघालेला मी, त्या घरी अत्यंत स्थिर माणूस म्हणून दोन प्लेट पोहे खाऊन आलो.

शेवटचं घर कटंगीचं, एका पटवारींचं. त्यांची मुलगी चहा द्यायला आली. कप ठेवले, चहाची किटली आतच राहिली. किटली आणायला गेली आणि पाणी घेऊन आली. "फार शांत पोरगी हाये आमची," तिची आई म्हणाली, आणि तेवढ्यात आतून दूध जळाल्याचा वास आला. मुलीचा चेहरा पडला. तो चेहरा मी आरशात रोज पाहत होतो. मी ताडकन उठलो.

"ताई, माझंही रोज जातं उतू! तुमचंही असंच होतं का?"

"दूध मी ठेवलतं," आई म्हणाली. "पोरीचं काही होत नाई." आणि तिने आम्हाला हात जोडले.

मामाजी गाडी वळवत होते तेव्हा सुपारी द्यायच्या निमित्ताने ती मुलगी फाटकाशी आली.

"रोज जाते," ती हळूच म्हणाली. "दूधच नाई, सगळंच. मले वाटे, मी एकटीच अशी हावो."

मी जोरजोरात मान हलवली.

"कोनाले सांगू नोका. परवा गोंदियाचे पाहुने येऊन राह्यले मले पाहाले. पन मी एक युक्ती काढली हाये, तिच्यानं लय फरक पडला. तुमाले सांगू?"

"सांगा," मी म्हणालो.

ती सांगू लागली. घाईघाईने, हातवारे करत, कुणालाच कधी न सांगितलेलं सगळं ती मला सांगत होती. मग आईची हाक आली आणि ती आत गेली. आमच्या गटाची ती पहिली बैठक, आणि शेवटचीही. तिचं लग्न गोंदियालाच झालं. ती आता तिथेही शांतच असेल.

वाटेत मामाजींनी विचारलं, "काय सांगे बे पोरगी?"

मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. ती बोलत असताना पलीकडे तुमसरच्या बसच्या टपावर दोघं जण एक बकरी चढवत होते. बकरी पांढरी होती, तिचा डावा कान चिरलेला होता, गळ्यात लाल दोरी होती आणि ती सारखी कंडक्टरकडे पाहत होती. त्या बकरीबद्दल काहीही विचारा, मला आजही सगळं आठवतं.